इथे कुणाला कळतंय मराठी

ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं की मी नोएडात फ्लॅट बघतोय. दर रविवारी बघतोय. राहायला आर. के. पुरमला लागून भाड्याच्या दोन खोल्यांत, नोकरी गुरुग्रामला, आणि फ्लॅट मात्र यमुनेच्या पलीकडे, याचं कुणाला नवल वाटलं नाही. दिल्लीत माणसं याहून विचित्र बेत करतात. सोमवारी लिफ्टमध्ये कुणी ना कुणी विचारायचं, "मिला कुछ?" मी म्हणायचो, "नहीं यार, धूप नहीं आती." कधी ऊन यायचं नाही, कधी पाणी खारं असायचं, कधी बिल्डर चोर निघायचा. थाप एकदा मारली की तिला दर आठवड्याला खाऊ घालावं लागतं. माझी चांगली बाळसं धरून होती.

खरं कारण असं की नोएडाच्या एका सेक्टरात, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, दारूवर उपचार घेतलेल्या माणसांचा एक गट रविवारी दुपारी बसायचा आणि मी त्या गटात होतो. गुरुग्राममध्ये अशी केंद्रं नव्हती असं नाही. पण तिथे जिन्यात आपल्याच ऑफिसातलं कुणी भेटलं तर काय, या विचाराने मला घाम फुटायचा. म्हणून दोनदा मेट्रो बदलून मी इतक्या लांब जायचो. लांबचा एक फायदा असा की रविवार संपायचा. एकट्या माणसाला रविवार संपवणं हे मोठं काम असतं, आणि ज्याने नुकतीच दारू बंद केली आहे त्याला तर विचारूच नका.

गटात पहिल्या दिवशी मी स्वतःबद्दल "भोपाल की तरफ़ से" एवढंच सांगितलं. भोपाळ मी रेल्वेच्या खिडकीतून पाहिलंय, तेवढंच. पण मला महाराष्ट्राचं नाव काढायचं नव्हतं. दिल्लीत मराठी माणसं पुष्कळ आहेत, पण जी आहेत ती सगळी एकमेकांच्या ओळखीची आहेत. दोघं भेटले की पहिला प्रश्न मूळचे कुठले, दुसरा आडनाव काय, आणि तिसऱ्या प्रश्नाला पुण्यातली कुणाची तरी मावशी निघते. मावशी निघाली की संपलं. माझी बायको, म्हणजे तेव्हा ती कागदोपत्री अजून बायको होती, दिल्ली सोडून पुण्याला परत गेली होती. आई साताऱ्याला होती आणि तिला वाटत होतं की मला कामामुळे यायला जमत नाही. गणपतीला मंडळात जाणं मी केव्हाच बंद केलं होतं. आईचा फोन सोडला तर माझ्याशी मराठीत बोलणारं कुणी उरलं नव्हतं, आणि त्या फोनवरही मी थापाच मारत होतो.

गट चालवायच्या त्या समुपदेशक बाई केरळच्या होत्या. त्यांची हिंदी आम्हा सगळ्यांपेक्षा शुद्ध होती. दर वेळी सुरुवातीला त्या तेच सांगायच्या. "जो यहाँ सुना, यहीं छोड़कर जाना है. बाहर कहीं मिल जाएँ तो अपनी तरफ़ से पहचानिए मत." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. आमच्याकडे ओळख न दाखवणं म्हणजे केवढा अपमान. अमक्याने लग्नात समोरून जाऊन ओळख दाखवली नाही, हे वीस वर्षं उगाळणारी माणसं माझ्या घरात होती. इथे ओळख न दाखवणं हेच सभ्यपणाचं होतं. मला ते फार आवडलं. मला तेव्हा कुणीच ओळखू नये असं वाटत होतं, आणि त्याचबरोबर कुणी ओळखत नाही याने जीव नकोसाही झाला होता.

गटाच्या आधी अर्धा तास बाई एकेकाला वेगळं भेटायच्या. मला काही वेगळं बोलायचं नसायचं, पण घरी बसून तरी काय करणार, म्हणून मी लवकर येऊन जिन्यातल्या बाकावर बसायचो. तो बाक आमचा आणि दातवाल्यांचा मिळून होता. शेजारी गालाला रुमाल लावलेली माणसं असायची. कोण कशासाठी आलंय हे कुणाला कळायचं नाही, आणि मीही जमेल तेव्हा गाल धरून बसायचो.

हिवाळ्यात त्या बाकावर एक बाई येऊ लागल्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या, अंगावर जाड शाल, रविवार असूनही खांद्याला लॅपटॉपची बॅग. त्यांचा नवरा आत बाईंशी बोलायला जायचा आणि त्या बाहेर थांबायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला "भैया, बैग देखना ज़रा" म्हणून खालून पाणी आणलं. आमचं संभाषण ते एवढंच. मग त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या, फोन लावला आणि मोठ्याने म्हणाल्या, "हं ताई, बोल."

मी जागच्या जागी थिजलो.

पलीकडून ताईने विचारलं असावं की बोलू शकतेस का, आजूबाजूला कुणी आहे का. कारण त्या म्हणाल्या, "अगं बोल ना खुशाल. इथे कुणाला कळतंय मराठी."

ही आमची, दिल्लीतल्या मराठी माणसांची, सवय आहे. मेट्रोत, कॅबमध्ये, बँकेत आपण मराठीत मोठ्याने वाटेल ते बोलतो. भाजीवाल्याच्या तोंडावर त्याची भाजी सडकी आहे म्हणतो. पाहुणे समोर बसलेले असताना ते कधी टळणार याची चर्चा करतो. पुण्यात ज्या गोष्टी दार लावून कुजबुजायच्या त्या इथे भर बाजारात सांगतो. इथे मराठी म्हणजे लावलेलं दारच. माझ्या बायकोने आणि मी आमची बरीच भांडणं दिल्लीच्या मेट्रोत केली आहेत, उभ्याने, दांड्याला धरून. आता ती कुणी कुणी ऐकली असतील असा विचार मनात येतो आणि कानशिलं गरम होतात.

खरं तर मी तेव्हाच खाकरायला हवं होतं. एखादा शब्द टाकायला हवा होता. नाही टाकला. कानात इअरफोन होते, त्यात काही वाजत नव्हतं, पण ते तसेच ठेवले आणि समोरच्या भिंतीवरचं दात घासण्याचं चित्र बघत बसलो. त्या मेथीच्या पचडीबद्दल बोलत होत्या. मग म्हणाल्या की फार वैताग आलाय. वैताग. किती दिवसांनी तो शब्द माणसाच्या तोंडून, शेजारी बसून ऐकला. मला चक्क बरं वाटलं. चोरून ऐकतोय याची लाज वाटली तीही खरी, पण आधी बरं वाटलं.

पुढच्या रविवारी ठरवून गेलो की फोन सुरू झाला की उठायचं. उठलो नाही. त्यापुढच्या रविवारीही नाही. जशी थंडी वाढली तसं मला ते सगळं कळत गेलं. त्यांच्या सासरी आणि नवऱ्याच्या ऑफिसात त्याला पाठीचा त्रास आहे असं सांगितलं होतं, रविवारी फिजिओथेरपी. माझा फ्लॅट आणि त्याची पाठ, दोन्ही एकाच जिन्यावर. आठवीनववीतली एक मुलगी होती, तिला काय ते कळलेलं होतं आणि ती बापाशी बोलत नव्हती. आणि नवरा घरी काही म्हणजे काही बोलत नव्हता.

"सोडायची असती तर सोडली असती ना, ताई," त्या म्हणायच्या. "इतकी वर्षं सोड सोड म्हणतेय. आता प्यायचा बंद झालाय, पण तोंडही बंद झालंय. मी आतल्या बाईंना विचारलं, काय बोलतो तो? तर म्हणतात, वो बताना चाहें तो वो बताएँगे. अगं मी बायको त्याची. मला विचारायची सोय नाही." आणि थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, "मार्चमध्ये हिची परीक्षा झाली की मी हिला घेऊन तिकडे येते. तू शाळेत विचारून ठेव. एकदा, फक्त एकदा त्याने माझ्यासमोर बसून तोंडाने म्हणावं गं. काय झालं होतं ते म्हणावं. नाही तर मी कशाच्या जोरावर राहू?"

तो नवरा माझ्याच गटात होता. मी त्याला तिच्याआधीपासून ओळखत होतो, म्हणजे गटातलं जे काही ओळखणं असतं तेवढं. त्यानेही आपण कुठले ते सांगितलं नव्हतं. "साउथ साइड से" असं काहीतरी मोघम. त्याची हिंदी टीव्हीवरच्यासारखी सफाईची होती. पण त्या बाई येऊ लागण्याच्या बऱ्याच आधी एकदा गटात चहा देताना कप कलंडला, त्याच्या हातावर उकळता चहा सांडला आणि तो म्हणाला, "आई गं."

खोलीत कुणाला काही वाटलं नाही. चहा सांडल्यावर माणूस काहीतरी म्हणणारच. पण त्याने झटकन सगळ्यांकडे पाहिलं, आणि मी माझ्या कपात पाहिलं. पंजाबी माणूस भाजला तर असं म्हणत नाही, तमिळही म्हणत नाही. बाकी सगळं लपवता येतं. म्हणून नंतर बाकावरचा फोन ऐकला तेव्हा कोण कुणाचं हे जुळवायला मला वेळ लागला नाही.

इथे एक सांगायला हवं. त्याच्याबद्दल आणि तिच्याबद्दल मी जे लिहितोय त्यातलं बरंच मी बदललं आहे. चहाच्या जागी दुसरं काही असेल, पाठीच्या जागी गुडघा. शब्दही त्याचे नाहीत. काय बदललंय ते मी सांगणार नाही. इतक्या आडवळणाने लिहूनही आपण नियम मोडतोय की काय अशी धाकधूक आहेच, पण ज्यावरून कुणी कुणाला ओळखेल असं मी काही ठेवलेलं नाही. माझं स्वतःचं मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे.

तर तो गटात बोलायचा. घरी मुका असलेला तो माणूस आत घळघळा बोलायचा. लपवलेल्या बाटल्या, मुलीच्या वाढदिवसाला घातलेला गोंधळ, बायकोने न बोलता पुसलेली फरशी, सगळं. माफी मागायची आहे हेही म्हणायचा. फेब्रुवारीतल्या एका रविवारी बाईंनी त्याला विचारलं की हे सगळं घरी कधी सांगणार.  तो म्हणाला, "यहाँ बोल लेता हूँ. घर की ज़बान में नहीं बोला जाता. उसमें इस चीज़ के लिए जितने लफ़्ज़ हैं, सब गालियाँ हैं. वहाँ मुँह खोलूँगा तो अपने आप को गाली ही दूँगा. और वो तो मैं रोज़ सुनता हूँ."

इतरांनी मान हलवली, पण ते त्यांना माझ्याइतकं कळलं असेल असं वाटत नाही.  हिंदीत केंद्रात सगळे बीमारी म्हणतात, इंग्रजी शब्द वापरतात, क्रेविंग, रिलॅप्स, आणि माणूस पेशंट होतो. मराठीत आपल्याकडे काय आहे? बेवडा. दारुडा. पिताड. पेपरवाल्यांचा तळीराम, म्हणजे वर विनोद. नाहीतर थेट व्यसनाधीन, जो शाळेतल्या निबंधाबाहेर कुणी कधी वापरला नाही. माझ्या बायकोला मी जे सांगितलं ते इंग्रजीत मेल लिहून सांगितलं होतं. तिने उत्तरही इंग्रजीत दिलं होतं, आणि वकिलाचा फोन नंबर.

त्या दिवशी गट सुटल्यावर तो बाहेर आला, ती बाकावरून उठली, दोघं एकमेकांशी अवाक्षर न बोलता जिना उतरून गेले. मी वरून बघत होतो. तिला जे हवं होतं ते त्याने पाच मिनिटांपूर्वी, दोन भिंतींच्या आत, सगळंच्या सगळं म्हटलं होतं. ते आता माझ्याकडे होतं आणि तिच्याकडे नव्हतं. आणि मार्च आठदहा दिवसांवर आला होता.

तो आठवडा मी फार वाईट काढला. एक वाक्य पुरलं असतं. वहिनी, तो बोलतो हो, आत सगळं बोलतो, थोडं थांबा. बस. पण ते वाक्य माझं नव्हतंच. उद्या माझं बोलणं कुणी असंच उचलून माझ्या आईच्या कानावर घातलं असतं तर ते कितीही चांगल्या हेतूने केलेलं असो, मी त्या खोलीत पुन्हा पाय ठेवला नसता. आणि तिला तोंडावर सांगायचं तर इतके रविवार मी तिचं सगळं ऐकत होतो हेही सांगावं लागलं असतं. तिच्या त्या लावलेल्या दाराच्या आत एक परका माणूस बसलेला होता हे कळल्यावर तिचं काय झालं असतं?

शेवटी मी बाईंना फोन केला. म्हटलं, समजा एखाद्याला दोन्ही बाजू कळल्या तर त्याने काय करावं? त्यांनी कोणाबद्दल ते विचारलं नाही. म्हणाल्या, "उनकी बात उनकी है. आपके पास सिर्फ़ आपकी बात है. वो जिसे चाहें दीजिए, जैसे चाहें." मला त्यांचा राग आला. फोन ठेवल्यावर खोलीत मी त्यांना चार शब्द ऐकवले, तेही मराठीत. सुटसुटीत उत्तर देऊन माणसं झोपायला जातात आणि आपण जागे.

पण ते डोक्यात राहिलं. माझी बात. मी भांडी घासता घासता माझी बात मराठीत म्हणून बघू लागलो. मोठ्याने, कारण ऐकायला कोण होतं? पहिलं वाक्य यायचं ते "मी दारू सोडली नाही." पुढचं, "मला बायकोने किती वेळा सांगितलं, पण मी सोडली नाही." हे म्हणताना आपण पोलिसात जबाब देतोय असं वाटायचं. ऐकणाऱ्याने पुढे फक्त शिक्षा सांगायची. आमच्या घरात इतकी वर्षं या विषयावर एकच क्रियापद होतं. सोड. कधी सोडणार? शपथ घे, सोडलीस म्हणून. सोडायची असती तर सोडली असतीस. माझी बायको तेच म्हणायची आणि बाकावरची ती बाईही अक्षरशः तेच म्हणत होती.

आणि मग एकदा कुकर घासताना तोंडातून आपसूक निघालं, "मला सुटत नव्हती." नळ बंद करून मी ते पुन्हा म्हटलं. मी सोडत नव्हतो असं नाही गं. मला सुटत नव्हती. लहानपणी गाठ सुटत नाही म्हणून रडत आईकडे जायचो, तसं. एवढासाच फरक, पण ते म्हटल्यावर मला माझ्याकडे बघता आलं. मी तिथेच खाली बसलो आणि बराच वेळ रडलो. हे बायकोला कधी म्हटलं नाही, हे सुचलंच नाही, याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

पुढच्या रविवारी गटात मी बाईंना म्हणालो की आज मला माझ्या भाषेत बोलायचं आहे. कुणाला कळणार नाही, चालेल का? त्या म्हणाल्या, "बोलिए. हम सुन लेंगे."

मी त्याच्याकडे अजिबात पाहिलं नाही. समोरच्या पंख्याकडे बघत मराठीत बोललो. मूळचा कुठला ते सांगितलं, भोपाळ खोटं होतं ते सांगितलं. बायकोने केलेला शेवटचा चहा मी कसा प्यायलो नाही ते सांगितलं. आणि म्हटलं, तिला वाटायचं मला सोडायची नाहीये. मला सोडायची होती. मला सुटत नव्हती. मी हे तिला कधी म्हटलं नाही, कारण माझ्याकडे हे वाक्य नव्हतं. आता आहे, तर ती नाही.

 मग एक रिटायर्ड काका हळूच म्हणाले, "ये गुजराती थी?" दोघंतिघं हसले, मीही हसलो. बाईंनी आभार मानले. तेव्हा कुठे मी त्याच्याकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. त्याने चहा घेतला नाही. सगळ्यांच्या आधी उठला आणि गेला.

त्याच्यानंतरच्या रविवारी तो आला नाही. बाकावर तीही नव्हती. मला वाटलं, परीक्षेचे दिवस आहेत. पण मार्च संपला, एप्रिलचं ऊन तापलं, तरी दोघं आले नाहीत.

मी काय केलं होतं ते मला हळूहळू उमगलं. मी त्याला शब्द द्यायला गेलो होतो, पण त्याने ऐकलं ते एवढंच की या खोलीत एक मराठी माणूस आहे, तो पहिल्यापासून आहे, आणि त्याने "आई गं"सुद्धा ऐकलेलं आहे. ज्या एका जागी त्याला बोलता येत होतं तिथे मी पुण्याची मावशी आणून बसवली होती. नियम मी एकही मोडला नव्हता, आणि तरी तो गेला होता. तो पुन्हा प्यायला लागला असेल का? ती गेली असेल का मुलीला घेऊन? बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मैं उनके बारे में कैसे बताऊँ? आप नहीं आएँगे तो आपके बारे में भी किसी को नहीं बताऊँगी." बरोबर होतं त्यांचं. इतकं बरोबर की जिना उतरताना मला उभ्या दिल्लीत कुणी आपलं नाही असं वाटलं. मी नाहीसा झालो तरी ते असंच नीट गुप्त राहिलं असतं.

बाकावर मग फक्त दातवाले उरले. उन्हाळा गेला, पाऊस झाला तेवढा झाला. वैताग हा शब्द पुन्हा कुणी म्हटला नाही. ऑफिसात फ्लॅटचं विचारणंही लोकांनी बंद केलं. माझा घटस्फोट झाला. मी प्यायलो नाही, एवढं मात्र खरं.

मग थंडी आली, धुक्याने शाळा बंद ठेवायचे दिवस आले. संक्रांतीला रविवार नव्हता, पण सुट्टी टाकून मी केंद्रात निघालो होतो, बाईंनी जास्तीचा गट ठेवला होता म्हणून. मेट्रोच्या फलाटावर टोपी कानांवर ओढून उभा होतो. कुणीतरी मराठीत बोलत जिना चढून आलं. मी वळायच्या आधीच आवाज ओळखला.

ती काळ्या साडीवर तीच शाल घेऊन होती. बरोबर तो होता, थोडा भरलेला, रंग परतलेला. आणि मुलगी, जिला मी इतकं ऐकलं होतं आणि कधी पाहिलं नव्हतं. ती बापाच्या कोटाच्या खिशात हात घालून उभी होती आणि म्हणत होती, "बाबा, स्कूलचा मेसेज आला, कल भी छुट्टी." म्हणजे शाळा इथलीच. मी रुळांकडे पाहिलं. 

"अरे, ते बघ," ती त्याला म्हणाली. आवाज कमी करायची गरज तिला वाटली नाही. "आपल्या तिथले ना ते? बाकावर बसायचे."

त्याने पाहिलं. मला पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. माझीही नाही. बाईंनी आम्हाला दोघांना चांगलं शिकवलं होतं.

तिला तो नियम कुणी सांगितलेला नव्हता. तिने पर्समधून डबा काढला आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "भैया, लीजिए. आज हमारे यहाँ तिल के लड्डू बाँटते हैं." तिळगूळ देताना आपल्याकडे जे म्हणायचं असतं ते ती म्हणाली नाही. हिंदीवाल्याला काय म्हणणार? माझ्या मात्र ते ओठांशी आलं होतं. तो तिच्या मागे उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी लाडू घेतला आणि म्हणालो, "थैंक यू जी. हैप्पी संक्रांत."

ती परत त्याच्याजवळ गेली. दोन पावलांवर तर होते ते. डबा बंद करता करता म्हणाली, "बिचारे. कायम एकटेच असायचे रे. कधी कुणी यायचं नाही त्यांच्याबरोबर." मग जरा थांबून, "सुटली असेल का त्यांची?"

सुटली, म्हणाली. सोडली असेल का, असं नाही म्हणाली.

"हळू बोल," तो म्हणाला.

"त्यांना कुठे कळतंय?"

 पलीकडच्या फलाटावरून एक गाडी गेली. तिचा आवाज संपेपर्यंत तो थांबला, आणि मग तोंड तिच्याकडे ठेवून, पण दोन पावलांवर नीट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "सुटली आहे. दिसतंय ना. आणि आपलीही त्यांच्यामुळेच..." पुढचं त्याने गिळलं. "चांगला माणूस आहे तो."

कित्येक महिन्यांत समोर उभं राहून कुणी माझ्याशी मराठीत बोललेलं ते पहिलंच वाक्य होतं. मी लाडू तोंडात टाकला आणि काही न कळल्यासारखा चेहरा करून गाडी येते का ते बघत उभा राहिलो.